इंजिनाचा बोल्ट: किती आवळायचा, आणि जुना परत लावायचा का?

दहा बोल्ट होते, दुधाच्या रिकाम्या पिशवीत. पिशवी ओट्यावर ठेवून दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, "काकू, हे परत चालतील ना? दिसायला तर एकदम चांगले आहेत."

शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्या बाबांची गाडी तापली आणि हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा (ब्लॉक) यांच्यामधलं पॅकिंग. हेड उतरवून मशीन शॉपमधून घासून आणलं होतं, आता रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपणच बसवू, असं बापलेकांनी ठरवलं होतं. मी बावीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात असेंब्ली इन्स्पेक्टर होते. दुसऱ्याने आवळलेला बोल्ट खरंच आवळलाय का, हे बघायचा मला पगार मिळायचा. त्यामुळे आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमध्ये पंख्याच्या हुकापासून इंजिनाच्या हेडपर्यंत कुठलाही नट-बोल्ट नडला की माझीच बेल वाजते.

त्याला ओट्यापाशी उभं राहून जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. बोल्ट ही स्प्रिंग आहे, फक्त फार कडक. आवळताना तो ताणला जातो, आणि मूळ लांबीवर परत यायची त्याची जी ओढ असते, तिनेच हेड ब्लॉकवर दाबून राहतं. दहा सेंटिमीटर लांबीचा बोल्ट नीट आवळला की साधारण ०.३ मिलिमीटर लांब होतो. वहीचे तीन कागद एकावर एक ठेवा, तेवढाच. डोक्यावर १०.९ कोरलेला १० मिलिमीटरचा बोल्ट करंगळीपेक्षा बारीक असतो, पण पावणेपाच-पाच टनांची ओढ सोसून, सैल केल्यावर पुन्हा होता तेवढाच होतो. चार लहान गाड्या एका बोल्टला टांगाव्यात, तसं.

पण त्याच्या पुढे खेचलात की तो पायजम्याच्या जुन्या इलास्टिकसारखा होतो. तुटत नाही, पण पहिल्यासारखा परतही येत नाही. गंमत अशी की दिसायला दोघेही सारखेच. म्हणून "दिसायला चांगला" हे उत्तर मी कारखान्यातही कधी मान्य केलं नाही.

डोक्यावरचे आकडे वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तो किती मेगापास्कलला तुटेल. दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती हिश्शाला तो कायमचा ताणायला लागेल. १०.९ म्हणजे हजाराला तुटणार, नऊशेला हार मानायला लागणार. ८.८ म्हणजे आठशे आणि सहाशे चाळीस. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट इंजिनाजवळ नको, नंबर प्लेटला लावा.

पाना काय मोजतो

टॉर्क पाना, म्हणजे लावलेल्या आकड्याला "टक" वाजणारा पाना, बोल्टचा ताण मोजत नाही. बोल्ट फिरवायला किती जोर लागतोय एवढंच तो मोजतो, आणि त्या जोरातला बहुतेक भाग घर्षणातच जातो. ढोबळ हिशेब असा: शंभर रुपयांतले पन्नास बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातात, चाळीस आट्यांत जातात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा. आता आटे कोरडे, तेलकट की गंजलेले, यावर ते नव्वद रुपये कमी-जास्त झाले, तर उरलेल्या दहाचं काय होईल बघा. १० मिलिमीटरच्या बोल्टला ६० न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) दिले, तर आटे कोरडे असताना साधारण तीन टनांची पकड मिळते, तेल लावलं तर चार टनांची. पाना दोन्ही वेळा ६० वरच "टक" करणार.

म्हणजे ताकदीपेक्षा फडकं महत्त्वाचं. पोरांना हे सांगितलं की हिरमुसतात, त्यांना पाना फिरवायचा असतो.

बोल्ट रॉकेलमध्ये भिजत घाला, पितळी तारेच्या ब्रशने आटे घासा, पुसून पूर्ण कोरडे करा. गंज सोडवायला कुठलाही स्प्रे मारला असेल तर त्याचा अंशही राहता कामा नये, कारण तेही तेलच. मग पुस्तकात, म्हणजे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, काय लिहिलंय ते बघा. कोरडे लावा म्हटलं असेल तर कोरडे. तेल लावा म्हटलं असेल तर इंजिन ऑइलचा थेंबभर, आट्यांवर आणि डोक्याच्या खालच्या बाजूला, दोन्हीकडे. अर्धं घर्षण डोक्याखाली असतं आणि तीच जागा लोक विसरतात. ग्रीस नको. कॉपर पेस्ट नको. "थोडं जास्तच लावू, पुढच्या वेळी सहज निघेल" हा विचार चाकाच्या हबला ठीक, हेडला नाही.

ब्लॉकमधली भोकं त्याहून जास्त महत्त्वाची. बरीचशी खालून बंद असतात. हेड उचलताना कूलंट आणि तेल त्यांत उतरतं आणि तळाशी साचतं. पाणी दाबलं जात नाही. वरून बोल्ट घुसला की ते पाणी पिचकारीसारखं ढकललं जातं, जायला वाट नसते, आणि कधीकधी ब्लॉकच तडकतो. तो नाही तडकला तरी पाना खोटं बोलतो: बोल्ट पाण्यावर टेकलेला, हेडवर नाही, आणि इकडे "टक" वाजलेलं. आमच्या इथे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला गोडीत विचारलं की तो कॉम्प्रेसरचा पाइप पार्किंगपर्यंत ओढू देतो. भोकावर फडकं धरा, डोळ्यांवर चष्मा लावा, आणि मगच हवा मारा. मी एकदा चष्मा न लावता वाकले होते, अर्धा दिवस डोळा लाल.

आट्यांतला काळा चिकटा काढायला नवीन टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका. टॅप कापतो. कापला की आटा ढिला. जुन्या बोल्टलाच लांबीच्या दिशेने दोन-तीन खाचा मारा, आणि तो हाताने भोकात आत-बाहेर फिरवा. कचरा खाचांत येतो, आट्याला इजा होत नाही. आता दुधाच्या पिशवीतल्या बोल्टांचा एक उपयोग तरी सापडला.

परत लावायचा की नाही

पुस्तक उघडा. आवळण्याची कृती नुसत्या न्यूटन-मीटरमध्ये दिली असेल, तर तो बोल्ट बहुधा स्प्रिंगच्या हद्दीत राहून काम करणारा आहे. नीट असेल तर परत चालेल. पण "इतके न्यूटन-मीटर, मग ९० डिग्री, मग आणखी ९० डिग्री" असं लिहिलं असेल, तर सावध व्हा. असे बोल्ट बऱ्याचदा मुद्दाम हद्दीपलीकडे खेचायचे असतात. त्यात अर्थ आहे: त्या टप्प्यावर घर्षण कमी-जास्त असलं तरी दहाही बोल्टांची ओढ जवळजवळ सारखी येते, आणि हेड एकसारखं दाबलं जातं. किंमत ही की बोल्ट एकदाच वापरायचा. काही कंपन्या लांबीची किंवा जाडीची मर्यादा देऊन पुन्हा वापरायला परवानगी देतात. तशी मर्यादा छापलेली नसेल तर नवेच आणा.

हेडशिवाय कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, क्रँकच्या मेन कॅपचे आणि बऱ्याच गाड्यांत फ्लायव्हीलचे बोल्टही याच जातीचे असतात. बोल्ट नसून नट असला तरी काहींना दुसरा जन्म नाही: आत नायलॉनची रिंग असलेले, आणि ड्राइव्ह शाफ्टचे ते नट ज्यांची कड छिन्नीने खाचेत ठोकलेली असते. ड्रेन प्लगचं तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं वायसरही दर वेळी नवं.

मुलगा म्हणाला, "पण मेकॅनिक तर सगळे जुनेच लावतात." लावतात, आणि बऱ्याच गाड्या चालतातही. कारण सगळी इंजिनं डिग्रीवाली नसतात, आणि एकदा हद्द ओलांडलेल्या बोल्टातही थोडा जीव शिल्लक असतो. किती शिल्लक आहे हे कुणालाच बाहेरून कळत नाही, एवढीच अडचण. हेड पुन्हा उतरवायचं म्हणजे नवं गॅस्केट, नवं कूलंट आणि आणखी एक रविवार. त्यापुढे दहा बोल्टांची किंमत फारशी नाही.

ज्या बोल्टांना परवानगी आहे त्यांच्यासाठी माझ्या तीन तपासण्या. एक, त्याच आट्याचा नवा नट घ्या आणि बोटांनी पूर्ण लांबीभर फिरवा. मध्येच अडला तर तिथे आटे ताणून त्यांच्यातलं अंतर बदललंय, बाद. दोन, सगळे बोल्ट काचेवर डोक्यावर उभे करा आणि डोळा टोकांच्या पातळीत आणा. उंच झालेला लगेच दिसतो. तीन, व्हर्नियर, म्हणजे जाडी बारकाईने मोजायचं माप. आटे जिथे सुरू होतात त्याच्या आसपास दोन-तीन ठिकाणी जाडी मोजा. रबर ओढल्यावर मध्ये बारीक होतं तसा बोल्टही कमरेत बारीक होतो. याशिवाय डोक्याखाली चीर, आट्यांत गंजाचे खड्डे, कोपरे गोल झालेलं डोकं, यांतलं काहीही दिसलं तर वादच नको.

पिशवीतले दोन बोल्ट नटात अडले आणि व्हर्नियरलाही बारीक लागले. "मग दोनच नवे आणू?" नाही. आठ थकलेले आणि दोन ताजे असले की हेड एका बाजूला जास्त दाबलं जाणार. शिवाय त्याच्या गाडीच्या पुस्तकात डिग्री लिहिलेली होती, म्हणजे प्रश्नच मिटला होता. दहाच्या दहा नवे.

नवे म्हणजे गाडीच्या कंपनीचे, पार्ट नंबर देऊन मागवलेले. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हवा तो बोल्ट मिळतो हे खरं, मी स्वतः तिथे तासन्‌तास घालवलेत, पण डिग्रीवाल्या बोल्टचं पोलाद, लांबी आणि कंबर ठरवून बनवलेली असते. काही जण उत्साहाने अनब्राको कंपनीचे १२.९ घालतात, "जास्त ताकदीचे" म्हणून. जास्त कडक म्हणजे ठिसूळपणाकडे झुकलेले, आणि ठरवलेल्या डिग्रीला त्यांची ओढ वेगळी येणार. स्टेनलेसचे बोल्ट चकचकीत दिसतात, गंजत नाहीत, पण दुकानात मिळणारे नेहमीचे ए२-७० हे ८.८ पेक्षाही कमी ताकदीचे, आणि आटे एकमेकांत रुतून बसण्याची त्यांना खोड आहे. खाडीकाठच्या दमट हवेत मोह होतो, कबूल. तरी इंजिनात नको.

पान्याची परीक्षा

मुलाने ऑनलाइन मागवलेला क्लिकवाला पाना होता. त्यावर दोन मापं छापलेली: न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड. त्याने ६० लावले होते ते फूट-पाउंडवर. म्हणजे ८१ न्यूटन-मीटर! जुन्या पुस्तकांत केजी-एम असतं, त्याला ९.८ ने गुणलं की न्यूटन-मीटर. आकडा लावण्याआधी एकक मोठ्याने म्हणा, वेडेपणा वाटला तरी.

पाना खरा आहे का, हे घरी बघता येतं. चौकोनी टोक वायसमध्ये घट्ट पकडा, दांडा आडवा. टोकाच्या मध्यापासून मुठीवरच्या रेघेपर्यंत अंतर मोजा, त्याच्या पान्याचं ४५ सेंटिमीटर भरलं. पाण्याचा वीस लिटरचा भरलेला जार रद्दीवाल्याच्या काट्यावर टांगला, दोरीसकट २१ किलो. २१ गुणिले ९.८ गुणिले ०.४५, म्हणजे साधारण ९३ न्यूटन-मीटर. पान्याच्या स्वतःच्या वजनाचे आणखी दोन-तीन धरा, म्हणजे ९५. आता जार बरोबर त्या रेघेवर टांगून हात हळूहळू सोडायचा, झटका द्यायचा नाही. चांगला क्लिक पाना चार टक्के इकडेतिकडे असतो, म्हणून ९१ ला वाजायलाच हवा आणि १०० ला वाजता कामा नये. त्याचा ९५ ला वाजला. नाही वाजला तर आमच्या पट्ट्यात रबाळे, वागळे इस्टेटला कॅलिब्रेशन लॅब आहेत, तिथे दाखवा. कारखान्यात आम्ही वर्षाला किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर, जे आधी येईल तेव्हा, पाने तपासायला पाठवायचो.

पान्याच्या कमाल आकड्याच्या पाचव्या हिश्शाखाली त्याच्यावर विश्वास ठेवू नका. २०० च्या पान्याने १५ मोजणं म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर केशर तोलणं. त्याने बोल्ट सोडवू नका, त्याला पाइप लावू नका, आणि काम झालं की आकडा सर्वांत खाली आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते.

आवळताना

इंजिन पूर्ण थंड. काढताना बाहेरच्या बोल्टांपासून आत, लावताना मधल्यांपासून बाहेर, पुस्तकातल्या क्रमाने. सगळे आधी बोटांनी लावा. बोट अडलं तर पान्याने पुढे जाऊ नका, आटा वाकडा चढलाय. मग एकदम पूर्ण आकडा न देता टप्प्याटप्प्याने.

पाना मुठीवरच्या रेघेवर धरा आणि एका सलग ओढीत न्या. ढकलू नका, ओढा. ढकलताना गोटी (सॉकेट) निसटली तर बोटांची सालं बॉनेटच्या कडेला राहतात. "टक" झालं की थांबा. खात्रीसाठी पुन्हा टक, पुन्हा टक, ही सवय वाईट, प्रत्येक टक थोडं पुढे नेते. आणि "टक" च्या अगदी जवळ येऊन तुम्ही थांबलात, तर पुढे ढकलू नका. थांबलेल्या बोल्टला पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो, त्यामुळे बोल्ट न फिरताच पाना वाजतो. अर्धा फेरा सैल करा आणि परत सलग ओढा.

डिग्रीसाठी महागडं यंत्र नको. पहिला टप्पा झाला की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या पेंट मार्करने एकाच दिशेला ठिपका द्या, समजा बंपरकडे. षटकोनी डोक्याची एक बाजू म्हणजे ६० डिग्री, तेव्हा ९० म्हणजे दीड बाजू. ठिपका बंपरकडून बाजूच्या फेंडरकडे वळला की झाले ९०. दहाही ठिपके एका दिशेला दिसले पाहिजेत, एक राहून गेलेला लांबूनही ओळखू येतो. डिग्रीसाठी लांब दांडा घ्या, क्लिक पाना नको. आणि झाल्यावर टॉर्क पाना लावून "तपासू" नका, तिथे तपासण्यासारखा आकडाच नसतो.

एक गोष्ट मात्र हातालाच कळते. दांडा फिरतोय, पण जोर वाढत नाही, लोण्यात फिरल्यासारखं. नुसत्या टॉर्कवाल्या बोल्टला असं झालं तर थांबा: एकतर बोल्ट हद्द ओलांडतोय किंवा अॅल्युमिनियममधले आटे सुटतायत. "अजून थोडं" म्हणून बघू नका. बाहेर काढा, आट्यांत चांदीसारखी भुकटी दिसली तर भोकात नव्या आट्यांची इन्सर्ट बसवावी लागेल, ते काम मशीन शॉपचं. मी हे वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या जुन्या वॅगन आरच्या ड्रेन प्लगवर शिकले. तेल गळू नये म्हणून एक जादा हिसका दिला होता.

क्रँक पुलीचा बोल्ट आणि चाकाचे नट

टायमिंग बेल्ट बदलणाऱ्यांना क्रँक पुलीचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या पुलीचा, बोल्ट रडवतो. गिअरवाली गाडी असेल तर टॉप गिअर, आणि कोणीतरी आत बसून ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. टायमिंग बेल्ट किंवा कॅमची पुली अडकवून इंजिन रोखायचं नाही. दांडा चॅसिसला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. नका करू. दांडा कुठे उडेल सांगता येत नाही. त्यापेक्षा लांब पाइप: ७० किलोचा माणूस अर्ध्या मीटरवर भार देऊन उभा राहिला तर ३४० न्यूटन-मीटर होतात, मीटरभराच्या पाइपवर त्याच्या दुप्पट. गाडी वर असेल तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँडवर. एवढा जोर लावताना जॅक सरकतो. परत लावताना गोटीपर्यंतचं एक्स्टेन्शन जाड आणि आखूड घ्या, आणि दुसऱ्या हाताने त्याला आधार द्या.

चाकाच्या नटांबद्दल थोडक्यात. एका टायरवाल्याने हवेच्या गनने ते असे ठोकले होते की पामबीच रोडवर पंक्चर झाल्यावर माझा पाना वाकला, नट हलला नाही. तेव्हापासून मी टायरवाल्याला गनने फक्त टेकवायला सांगते, आणि माझा पाना काढते. लहान गाड्यांना बहुधा ८० ते ११० च्या मध्ये लागतात, नक्की आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात आहे. चांदणीच्या क्रमाने, तेल न लावता, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

त्या रविवारी हेड बसायला सकाळचे साडेदहा ते दुपारचे तीन लागले. त्यातले दोन तास निव्वळ भोकं साफ करण्यात, आणि अर्धा तास सेक्रेटरींना समजावण्यात की फरशीवर पुठ्ठा अंथरलेला आहे. शेवटी मी मुलाला मास्किंग टेपवर तारीख, किलोमीटर आणि "हेड बोल्ट नवे" असं लिहून बॉनेटच्या आतून चिकटवायला लावलं.

जुन्या दहांपैकी एकाचा आटे साफ करायचा बोल्ट केलेलाच होता. उरलेले नऊ त्याला भंगारात टाकायचे होते. मी त्याला ग्राइंडर दिला आणि प्रत्येकाच्या आट्यांवर एक आडवा खोल काप मारायला सांगितलं. चकचकीत दिसत होते ना. कोणीतरी उचलून परत लावले असते.